हारू आजीची खानावळ

“हे तुम्हाला पटणार न्हाई, ते मी आधीच सांगून ठेवतो,” राधाकिसननं मिरचीचं डेख खुडून बाजूला टाकलं. “पण नव्वद दिवस मी जपानात ऱ्हायलो अन् नव्वद दिवसांत जिभेला मिरचीचं एक बी शिवलं न्हाई. तरी रोज चाटूनपुसून जेवलो. खोटं वाटत असल तर ही...”

माळ, असं म्हणायला हात गळ्याकडं निघाला होता. तो वाटेतच वळला आणि कान खाजवून परत मिरच्यांच्या ढिगावर आला.

“माळंला कशाला मधी आणतो, भाऊ,” कचरू म्हणाला. “आम्ही तुझं तसंबी निम्मंच धरतो.”

निम्मं सोडायचं आणि निम्मं धरायचं, ही राधाकिसनच्या गोष्टी ऐकायची धावडा गावातली जुनी रीत. त्याच्या बांधावर निघालेला साप आठ हातांखाली कधी आला नाही. त्याच्या बैलजोडीनं एकदा जाफराबादची एसटी चिखलातून ओढून काढली होती, आणि दर वर्षी त्या एसटीतले प्रवासी वाढत चालले होते. यंदा त्यात एक नवरदेवही बसला होता. लोक हसत, चहा पीत, उठून कामाला लागत. त्याच्या खोट्यानं आजवर कुणाची कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

आज मात्र अंगणात बसलेल्या चौघांपैकी एकीला निम्म्यावर भागणार नव्हतं. ती त्याची बायको, गोपिकाबाई.

सकाळी जपानहून जावयाचा, रामप्रसादचा फोन आला होता. वर्षाराणीला, म्हणजे यांच्या एकुलत्या एक लेकीला, आठवा महिना. रक्तदाब चढला होता, पाय सुजले होते, डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. घाबरण्यासारखं काही नाही, असं जावई तीनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज घसरला. संध्याकाळी डॉक्टरांशी बोलून कळवतो म्हणाला. आता चार वाजत आले होते. फोन गोपिकाबाईच्या शेजारी पालथ्या घमेल्यावर ठेवला होता, कारण अंगणात रेंज यायची ती तेवढ्याच जागी. शेजारचा कचरू आणि त्याची बायको नंदाबाई डेखं खुडायला म्हणून आले होते. खरं तर सोबतीला आले होते, पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

“हसण्यावारी नेऊ नका,” गोपिकाबाई म्हणाली. “पहिल्या दिवसापासून सांगा. कुठं जेवलात, कोणी वाढलं, पाणी कोणाचं पिलात.”

“किती डाव सांगू? आल्यापासून सांगूनच राह्यलो की.”

“आज अजून एक डाव सांगा.”

तिला काय शोधायचं होतं, ते राधाकिसनला पक्कं ठाऊक होतं. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. गावात आता ती कुणी फारशी पाळत नाही. गोपिकाबाईनंही सोडून दिली होती. मग वर्षाराणी पुण्यात असताना राधाकिसन तिच्याकडं गेला, तिच्या हातचा अर्धा कप चहा प्यायला, आणि बाराव्या दिवशी तिचं पहिलं पोट पडलं. दुसऱ्या वेळी कुणी काहीच प्यायलं नव्हतं, तरी पडलं. पण गोपिकाबाईनं त्या दुसऱ्याचाही बोल त्याच अर्ध्या कपाला लावला.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा लेक जपानात होती. जावई एका कारखान्यात, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. पोरीजवळ कुणीतरी हवं होतं. गोपिकाबाईच्या पायाच्या शिरांमुळं डॉक्टरनं तिला एवढा वेळ विमानात बसायला मनाई केली. मग राधाकिसन निघाला. निघताना तिनं त्याला तुळशीपुढं उभं केलं, त्याचा हात माळेवर ठेवला आणि वदवून घेतलं. लेकीच्या घरचा घास नाही, घोट नाही. बरोबर ज्वारीचं पीठ दिलं, तुरीची डाळ दिली, चटण्या दिल्या. आपलं पीठ, आपली डाळ, शेगडी तेवढी त्यांची. आपल्या हातानं रांधून खा म्हणाली.

“मंग ऐका,” राधाकिसन म्हणाला. “वर्षाच्या घरापासून शंभर पावलांवर एक खानावळ. म्हातारी एकटी चालवायची. नाव हारू. मी आपलं हारू आजी म्हणायचो. वय असंल एकशेचार.”

“मागच्या डावाला अठ्ठ्याण्णव होती,” नंदाबाई म्हणाली.

“मधी जपानी नवीन वर्ष झालं, वहिनी. पण चाल अशी की आपल्या कचरूला पळवून दमवील. मी दारात गेलो, गळ्यातली माळ दाखवली, मासळी न्हाई म्हणून हातानं खूण केली. म्हातारी कमरेत वाकली, मी वाकलो. ती पुन्यांदा वाकली, मी पुन्यांदा वाकलो. अर्धा तास त्याच्यातच गेला. गिऱ्हाइकं बिचारी उठून आपल्या हातानं वाढून घेऊन जेवली.”

कचरू हसला. गोपिकाबाईचा हात मिरचीवर थांबला होता. “मंग?”

मग काय झालं होतं, ते राधाकिसनला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि त्यात हारू आजी कुठंच नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यानं आपल्या डाळीला फोडणी दिली. मोहरी तडतडली आणि वर्षाराणी तोंडावर पदर धरून न्हाणीघरात पळाली, ती वीस मिनिटं बाहेर आली नाही. तिला तिसरा महिना, फोडणीचा वास सोसत नव्हता. दुसऱ्या दिवशी नुसती भाकरी टाकली, तर भाजत्या पिठाच्या वासानं तेच. घर केवढं, तर दोन खोल्या. वास जाणार कुठं? पिठाचा डबा त्यानं झाकण लावून कपाटाखाली सारला, तो नव्वद दिवस तिथंच राहिला.

बाहेर जाऊन बघितलं. स्टेशनाजवळच्या दुकानात शेवयांसारखं जाड काहीतरी पाण्यात घालून दिलं. वर कांद्याची पात, बाकी काही नाही. चव अशी की तो दोन घोटांतच हरखला. रात्री जावयाला सांगितलं तर जावई म्हणाला, “मामा, त्या पाण्यात वाळलेली मासळी असते. इथं समद्या दुकानात असते.” राधाकिसननं चूळ भरली, कान धरले, माळेला हात लावला आणि पुढचा सबंध दिवस उपास केला. त्यानंतर केळी खाल्ली. केळ्यांवर आणि नळाच्या पाण्यावर माणूस किती दिवस काढणार? तोही नळ सडकेवरच्या बागेतला, घरातला नाही. घरात शिरला की लेकीची रीत आडवी येई, बाहेर पडला की गळ्यातली माळ.

“मंग आजीनं मला आत घेतलं,” तो अंगणात म्हणाला. “रांधणखोलीत. तिनं मला पहिल्यांदा मुळा दाखवला. मुळा कसला, आपल्या नागसेनच्या टेम्पोत आडवा बसणार न्हाई.”

“टेम्पोत?” कचरू म्हणाला.

“बरं, मोटरसायकलीवर.”

“मोटरसायकलीवर मागं बसल?”

“माणसासारखा बसल. हेल्मेट घालावं लागल त्याला. असा मुळा ती फोडी करून मंद आचेवर दोन तास ठेवायची. तिखट न्हाई, मसाला न्हाई. पहिल्या दिवशी मला वाटलं, आजाऱ्याचं जेवण दिलं. तिसऱ्या दिवशी कळलं, मुळा गोड असतो. साठ वर्षं मुळा खाल्ला, पण आपण त्याला कधी बोलूच दिलं न्हाई.”

हे शेवटचं वाक्य बाहेर पडलं आणि राधाकिसन स्वतःच दचकला. ते खरं होतं. खऱ्यानं तोंडातून अशी आपोआप वाट काढलेली त्याला सवयीची नव्हती.

नवव्या दिवशी तो इमारतीच्या जिन्यावर बसला तो त्याला उठता येईना. वर्षाराणी खाली आली. तिनं वर नेलं, बसवलं आणि पुढ्यात भाताची वाटी ठेवली. तो नाही म्हणाला. तिच्या आईला दिलेला शब्द सांगितला. पोरगी ऐकून घेत गेली आणि म्हणाली, “मंग आबा, तुम्ही जेवल्याबिगर मीबी घास घेणार न्हाई.” त्याला वाटलं, पोर आहे, तासाभरात भूक लागेल. तिनं सकाळी खाल्लं नाही, दुपारी खाल्लं नाही. चार वाजता उलटी झाली, त्यात नुसतं पाणी होतं. पोटात तीन महिन्यांचं मूल घेऊन ती भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत बसली होती. खाल्लं तर बायकोच्या म्हणण्यानं मूल जातं, न खाल्लं तर डोळ्यांसमोर जातं. राधाकिसननं वाटी उचलली.

तिच्या स्वयंपाकात मासळी नव्हती. समुद्रातल्या एका झाडाचं वाळलेलं पान असायचं, जुन्या कातडी पट्ट्यासारखं काळपट. त्याचा बोटभर तुकडा ती रात्री पाण्यात घालून ठेवायची आणि सकाळी ते पाणी तापवायची. उकळी फुटायच्या आत पान काढायचं, नाहीतर चव बिघडते. हे पान काढायचं काम तिनं दुसऱ्या आठवड्यात बापाकडं दिलं. तो भांड्यावर डोळे लावून उभा राही. बुडबुडा दिसला रे दिसला की चिमटा आत. त्या पाण्यात मग सोयाबीनचा आंबवलेला गोळा विरघळवायचा. सोयाबीन! चाळीस वर्षं त्यानं ते पेरलं, काढलं, पोती भरून बाजारात घातलं, आणि त्यातला एक दाणा कधी शिजवून खाल्ला नव्हता. इथं त्याचं सार होतं, त्याचं दूध होतं, त्या दुधाची खरवसासारखी थरथरणारी वडी होती, वर शिंपडायचं काळं पाणीही त्याचंच होतं. पहिले आठ दिवस त्याला ते सगळं एकाच फिक्या चवीचं वाटलं. विसाव्या दिवशी वडीच्या आणि साराच्या सोयाबीनमधला फरक कळू लागला. महिनाभरानं भात बाराव्यांदा चावला की गोडी कुठून सुरू होते, तेही कळू लागलं.

सार ती त्याला स्टीलच्या खोल वाटीत द्यायची. तिच्या रुखवतातल्या सहा वाट्यांपैकी ती एवढीच पुण्याहून जपानपर्यंत आली होती. बाजूला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: सौ. गोपिकाबाई राधाकिसन. चमचा नसायचा, वाटी दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायची. आपण कुणाच्या नावावर अंगठा ठेवून जेवतो आहोत, ते त्याला रोज कळत होतं. तरी रोज तो जेवत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे सकाळ कधी होते याची वाट बघत होता.

“अन् पाणी?” गोपिकाबाईनं विचारलं.

“पाणी आजीचंच. पाणी कसलं, भाजलेल्या जवाचा काढा. थंडगार.”

“चहा?”

“बिलकुल न्हाई.”

“वर्षा म्हणत न्हवती का, आबा एकदा घोट तरी घ्या म्हणून?”

“म्हणायची की. मी उठून बाहेर जायचो.”

गोपिकाबाईनं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. ती नव्वद दिवस एकेक करून तपासत असावी, असं राधाकिसनला वाटलं. त्याचा त्या रीतीवर विश्वास होता का? काल विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. पण सकाळी फोन आला तेव्हा त्याच्या मनात पहिली आठवण आली ती त्या पहिल्या वाटीची. ‘मीच,’ असं त्याला वाटलं. नंतर तो म्हशीला पेंड घालायला गेला आणि पेंड घालायची विसरून गोठ्यात उभा राहिला.

“तुम्ही आल्यापासून ठेचा खात न्हाई,” गोपिकाबाई डोळे न उघडता म्हणाली.

“पोटाला सोसत न्हाई आता.”

“वरणाच्या वरचं पाणी काढून मागता. भात शंभर डाव चावता. परवा मुळा नुसता शिजवायला सांगितलात.”

“नव्वद दिवसांची सवय हाय, बाई,” नंदाबाईनं समजूत घातली. “आमचे हे दोन दिवस परतूरला पाहुण्यात राहून आले, तर महिनाभर म्हणत होते, परतूरची भेंडी, परतूरची भेंडी.”

“भेंडी चांगलीच होती,” कचरू म्हणाला.

कुणी हसलं नाही. गोपिकाबाईनं फोन उचलून बघितला आणि परत घमेल्यावर ठेवला. “मला एवढंच कळू द्या,” ती म्हणाली, “की आपल्याकडून काही झालं न्हाई. बाकी देवाच्या हातात. आपल्याकडून न्हाई ना झालं?”

“न्हाई.”

“सांगा मंग. अजून सांगा.”

राधाकिसननं तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा वर्षाराणीसारखा दिसत होता, त्या दिवशी भिंतीला टेकून बसलेल्या. खोट्याच्या बळावर त्यानं एसटी चिखलातून बाहेर काढली होती. आता तेच बळ लावून या बाईला संध्याकाळपर्यंत ओढत न्यायचं होतं. त्यानं घसा साफ केला.

“हारू आजीच्या वाट्या लाकडाच्या,” तो म्हणाला. “हलक्या अशा की सार भरलं न्हाई तर वाऱ्यानं उडून जायच्या. म्हणून ती प्रत्येक रिकाम्या वाटीत एकेक गोटा ठेवायची.”

“गोटा,” कचरू पुटपुटला.

“नदीतला. एक डाव तिच्या भाच्यानं न बघता तसंच सार वाढलं अन् गिऱ्हाइकानं तो गोटा चावून खाल्ला. बोलला न्हाई बिचारा. ते लोक बोलत न्हाईत, वाकून उठून जातेत.”

नंदाबाई तोंडावर हात ठेवून हसली. गोपिकाबाईच्या ओठाचा एक कोपराही हलला. राधाकिसनला हुरूप आला. तो मिरच्या सोडून पुढं सरकला.

“सकाळी जायचो मी. थंडी अशी की मिशीवर बर्फ. आजीनं रात्रीच पान भिजत घातलेलं. ती मलाच म्हणायची, तू बघ. मी उभा राहायचो भांड्यापाशी. पाणी तापायला लागलं की आधी कडेला बारीक मोती येतेत, त्याला भुलायचं न्हाई. मंग बुडातून एक बुडबुडा सुटतो, एकच. तेव्हा पान काढायचं. पाण्याला रंग म्हणशील तर न्हाई, वास म्हणशील तर न्हाई. अन् घोट घेतला की वाटतं, आतापर्यंत आपण जेवत होतो ते नुसतं भांडत होतो.”

बोलताना तो अंगणात नव्हता. दोन खोल्यांच्या घरात, खिडकीपाशी, लेकीच्या समोर होता. त्याचे दोन्ही तळवे नकळत वर आले, एकमेकांसमोर, मधे वाटीएवढी जागा ठेवून.

“मंग आजी ते सार वाढायची. कांद्याची पात, वडीचे चार तुकडे. अशी वाटी धरायची, दोन्ही हातांनी. चटका बसतो म्हणून काठाला धरायची. आधी वाफ घ्यायची तोंडावर. मंग घोट. घाई न्हाई करायची. पहिल्या घोटाला मीठ कळतं, दुसऱ्याला सोयाबीन, तिसऱ्याला ते समुद्राचं पान. चौथ्याला काही कळत न्हाई, नुसतं बरं वाटतं. पोटात आत कोणीतरी हात फिरवल्यागत. अन् रोज तीच वाटी यायची माझ्यापुढं. अंगठ्याखाली ते ठिपके लागायचे, खरखर, अन् मला वाटायचं...”

तो थांबला.

आपण काय बोललो ते त्याला एका क्षणानंतर कळलं. कचरूला कळलं नव्हतं. तो पुढच्या वाक्याची वाट बघत होता. नंदाबाई मिरची हातात धरून त्याच्या रिकाम्या तळव्यांकडं बघत होती. राधाकिसनला वाटलं, आता काहीतरी जोडावं. ठिपके म्हणजे नक्षी, लाकडावर कोरलेली, जपानी फुलांची. एवढं साधं होतं. एसटीत नवरदेव बसवणाऱ्या माणसाला दोन फुलं कोरणं काय अवघड? पण जीभ हलेना, आणि तळवेही खाली येईनात. त्यांच्यामधली जागा तशीच राहिली, गोल.

घमेल्यावरचा फोन वाजू लागला. स्क्रीनवर रामप्रसादचं नाव आलं. गोपिकाबाईनं त्यावर हात ठेवला, पण उचलला नाही. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडं बघत होती.

“लाकडाला ठिपक्यांचं नाव घालत नसतेत,” ती म्हणाली. “ती वाटी वर्षाच्या रुखवतातली हाय, माझ्या नावाची. तुम्ही पोरीच्या घरी जेवलात.”